घोडीपुरतं लाकूड

अजून घर नाही.
टेबलावर पारदर्शक कागद, त्यावर मऊ पेन्सिलीचा चौकोन,
नव्वद चौरस मीटर, दोनदा खोडलेला.
बाहेर कोयाइकेचा जून महिना,
दुपारी चारलाच चुलींच्या धुरात दरी बुडालेली.

ओनोफ्रे टोपी गुडघ्यावर ठेवतो, विचारतो,
“किती लागेल?”
पैसे नव्हे. लाकूड.
इथे घर चांगलं की वाईट, हे
मार्चमध्ये शेडखाली रचलेला ढीग सांगतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं.
पण अंथरूण अजून विणायचंच आहे,
आणि मी आत्ताच सांगायचंय,
पहाटे पाय उघडे पडतील की नाही.

प्रोग्रॅममध्ये मी एक खोका बनवते.
त्यात माणसं नाहीत, चुलीमागे मांजर नाही.
भिंतींना जाडी देते,
छपराला त्याहून जास्त, कारण ऊब वर पळते,
तुमची पाठ वळली की दूध उतू जातं, तशी.
मग खोका फिरवते.
आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून जातो.
मोठ्या काचा तिकडे, पाठ दक्षिणेला,
मेंढ्या उभ्या राहतात तशी, वाऱ्याकडे शेपटी करून.
पंधरा अंश वळवलं, एक घनमीटर लाकूड वाचलं.
एका रेषेत. फुकट.
चार महिन्यांनी हीच रेष हलवायची तर
पहार, सिमेंट आणि एखादं भांडण लागेल.

मी आधी “सुमारे” म्हणते, मग आकडा.
“नऊ घनमीटर. सुकं असलं तर.
दहा धरा.”
आत्ताच्या घरात बावीस जळतात.
ओनोफ्रे बोटांवर मोजतो,
कुऱ्हाडीखाली गेलेल्या अर्ध्या बोटापाशी अडतो,
पुन्हा पहिल्यापासून मोजतो, मग हसतो.

एर्मिंदाबाई कागद स्वतःकडे ओढतात.
दक्षिणेच्या भिंतीवर,
माझ्या जाड, बिनखिडकीच्या, लाडक्या भिंतीवर
नखाने एक चौकोन काढतात. “इथे.”
मी समजावते: तिकडून ऊन कधीच येणार नाही,
नुसती थंडी येईल, बाराही महिने.
“तिकडे घोडी आहे,” त्या म्हणतात.

सत्तावीस वर्षांची. एक डोळा गेलेला.
उठल्या उठल्या कळलं पाहिजे
ती उभी आहे की नाही.
इतकी वर्षं प्लास्टिक ठोकलेल्या खिडकीतून
त्यांनी एक तपकिरी डाग पाहिलाय,
आणि डाग हलला की मातेचं पाणी ठेवलंय.

मी काच घालते. दोन बाय दोन, दुहेरी.
आकडा वर सरकतो.
“एक घनमीटर. जरा कमीच.”
वळवून कमावलेलं तिथेच गेलं, हे मी बोलत नाही.
ओनोफ्रे टोपी घालतो, काढतो.
“तेवढं मी फोडीन.”
“एकाहत्तर झालीत तुम्हाला.”
“घोडी त्याहून थोरली, माणसात मोजली तर.”

ते गेल्यावर मी पुन्हा आकड्यांपाशी.
वारा मी विमानतळाच्या नोंदींतून घेतलाय, सरासरी;
सरासरी वाऱ्यात कुणी राहत नाही.
ओलं लाकूड, मोजे वाळवणारी नात,
“आलेच” म्हणून उघडं टाकलेलं दार,
यांतलं काही खोक्याला ठाऊक नाही.
माझा अंदाज दोन घनमीटर चुकेल,
कुठल्या बाजूने, तेही माहीत नाही.
काच तीस वर्षं टिकेल, असं धरलंय.
घोडीचं काय धरायचं, ते विचारायचं राहिलं.

तक्त्यात मी ओळी भरते:
भिंती, छप्पर, फटी.
शेवटच्या ओळीत “घोडी”, आणि पुढे एक.
अनुदानाच्या कचेरीतून कागद परत येईल,
हे कुठलं साहित्य, म्हणून.

दिवा खाली ओढते, कागद तिरका धरते.
नखाची खूण तिरक्या उजेडातच दिसते.
पेन्सिलीला टोक करते
आणि ती गिरवायला घेते.